विश्लेषण : सरकार तरले, मग मंत्री का बदलतात? फेरबदलाच्या चर्चेतून सावंतवाडीच्या हाती काय?

विधानसभेत किंवा लोकसभेत ‘अविश्वास ठराव’, ‘बहुमत चाचणी’ असे शब्द ऐकू आले की दोन-चार दिवसांत मोबाइलवर पुढची बातमी येऊन धडकते : ‘मंत्रिमंडळात लवकरच फेरबदल’. कोण जाणार, कोण येणार, कोणाचे खाते कोणाला मिळणार याच्या याद्या फिरू लागतात. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठावर तर हा विषय घरचाच. या परिसराने राज्यात आणि केंद्रात मंत्री पाहिले. सभागृहातल्या मतदानानंतर त्यांतले काही खुर्चीवर बसले, काहींची खुर्ची गेली. या चर्चेमागचे नियम काय, गणित काय आणि मंत्री बदलला की इथल्या कामांचे काय होते, याचा हा आढावा.

निंदा ठराव आणि अविश्वास ठराव यांत फरक काय?

बातम्यांत हे दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात, पण त्यांचे परिणाम वेगळे आहेत. निंदा ठराव एका मंत्र्याविरुद्ध, काही मंत्र्यांविरुद्ध किंवा संपूर्ण मंत्रिमंडळाविरुद्ध मांडता येतो. कोणत्या धोरणाबद्दल किंवा कृतीबद्दल नापसंती आहे, ते त्यात नमूद करावे लागते. तो मंजूर झाला तरी सरकारने राजीनामा दिलाच पाहिजे असे बंधन नाही.

अविश्वास ठराव मात्र संपूर्ण मंत्रिमंडळाविरुद्धच असतो आणि त्यासाठी कारण देण्याची गरज नसते. लोकसभेत तो दाखल करून घेण्यासाठी किमान ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो. तो मंजूर झाला तर सरकार जाते. केंद्रात राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला, तर राज्यात अनुच्छेद १६४ नुसार विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. विश्वासदर्शक ठराव हा याच नाण्याची दुसरी बाजू. तो सरकार स्वतः मांडते आणि बहुमत आपल्याकडे असल्याचे सिद्ध करते.

एकट्या मंत्र्याला मतदानाने घरी पाठवण्याची सोय आपल्या व्यवस्थेत जवळपास नाही. त्याला ठेवायचे की काढायचे हे पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री ठरवतात. सभागृहात मतांची मोजणी संपते आणि खात्यांची मोजणी सुरू होते, ती इथून.

ठराव फेटाळला गेला, तरी फेरबदल कशासाठी?

लोकसभेतील पहिला अविश्वास ठराव ऑगस्ट १९६३ मध्ये आला. चीनयुद्धातील पराभव ताजा होता. पोटनिवडणुकांत काँग्रेसला फटके बसले होते आणि आचार्य कृपलानी, राममनोहर लोहिया असे खंदे विरोधक सभागृहात पोहोचले होते. कृपलानी यांनी पंडित नेहरूंच्या सरकारविरुद्ध मांडलेल्या ठरावाच्या बाजूने ६२, तर विरोधात ३४७ मते पडली. आकड्यांत पाहिले तर सरकारला ओरखडाही उठला नाही.

तरीही त्याच महिन्यात नेहरूंच्या मंत्रिमंडळातून सहा ज्येष्ठ मंत्री बाहेर पडले. ज्येष्ठांनी सत्तापदे सोडून पक्षकार्य करावे, ही कामराज योजना. तिला काँग्रेसने ठरावाच्या आधीच मान्यता दिली होती. कोणाचे राजीनामे स्वीकारायचे ते नेहरूंनी मतदान आटोपल्यावर जाहीर केले. त्यात मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवन राम यांच्याबरोबर अन्न व कृषिमंत्री स. का. पाटील यांचेही नाव होते. मुंबई काँग्रेसवर पकड असलेले हे पाटील मूळचे सिंधुदुर्गचे. मालवणच्या महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. पुढे १९६४ मध्ये शास्त्रींच्या मंत्रिमंडळात ते रेल्वेमंत्री म्हणून परतले.

पहिल्याच अविश्वास ठरावाच्या वेळी दिसलेले हे चित्र पुढे वारंवार दिसले. ठराव पराभूत होतो, पण सरकारच्या कारभारावर चार दिवस जाहीर चर्चा होते. कोणत्या खात्यावर सर्वाधिक टीका झाली, कोणाला उत्तर देता आले नाही, स्वपक्षातील कोण गप्प बसले, याची नोंद नेतृत्व घेते. नंतरच्या फेरबदलात चेहरा बदलतो, नाराजांची समजूत निघते आणि डोईजड होणाऱ्यांना बाजूलाही करता येते.

जिंकलेल्या मुख्यमंत्र्यालाही जावे लागते?

लागते. महाराष्ट्राने ते २००२-०३ मध्ये पाहिले. शेतकरी कामगार पक्षासह काही आमदारांनी पाठिंबा काढल्याने विलासराव देशमुख यांचे आघाडी सरकार अडचणीत आले. विरोधी पक्षनेते होते मालवणचे तत्कालीन आमदार नारायण राणे. आमदारांची पळवापळवी आणि आमदारांना परराज्यात नेऊन ठेवण्याचे प्रकार तेव्हाही झाले. जून २००२ मधील बहुमत चाचणी देशमुख यांनी १४३ विरुद्ध १३३ अशी दहा मतांनी जिंकली.

विरोधकांना ते हटवता आले नाहीत. मात्र सात महिन्यांनी, जानेवारी २००३ मध्ये, काँग्रेस श्रेष्ठींनीच त्यांच्या जागी सुशीलकुमार शिंदे यांना मुख्यमंत्री केले. सभागृहातील बहुमत सरकारला तारते. सरकारातल्या प्रत्येकाची खुर्ची तारण्याची हमी त्यात नसते.

मंत्र्यांची संख्या किती असू शकते?

याद्या वाचताना हे गणित हाताशी असलेले बरे. ९१व्या घटनादुरुस्तीनुसार (२००३) मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. महाराष्ट्रात २८८ आमदार असल्याने ही मर्यादा ४३ होते. लहान राज्यांना किमान १२ मंत्र्यांची मुभा आहे. त्यामुळे शेजारच्या गोव्यात ४० आमदारांच्या विधानसभेला १२ मंत्री असू शकतात.

गोव्यात म्हणूनच कोणीतरी उठल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये नीलेश काब्राल यांनी राजीनामा दिला, तेव्हा काँग्रेसमधून भाजपमध्ये आलेले आलेक्स सिक्वेरा मंत्री झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये दिगंबर कामत आणि रमेश तवडकर यांना घेताना सिक्वेरा यांना बाहेर पडावे लागले. गोविंद गावडे यांना त्याआधी जूनमध्येच वगळण्यात आले होते.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये वेगळा प्रकार दिसला. ३० जूनला एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला. ४ जुलैला शिंदे यांनी १६४ विरुद्ध ९९ मतांनी बहुमत सिद्ध केले. त्यानंतर ९ ऑगस्टपर्यंत राज्याचे मंत्रिमंडळ दोघांचेच होते. त्या दिवशी १८ मंत्र्यांची भर पडून संख्या २० झाली. म्हणजे २३ जागा मोकळ्या राहिल्या आणि त्या जवळपास वर्षभर तशाच होत्या.

रिकाम्या जागांचा राजकीय उपयोग काय?

भरलेली जागा एकाला समाधान देते. रिकामी जागा दहा जणांना आशेवर ठेवते. २०२२-२३ मध्ये ‘पुढच्या आठवड्यात विस्तार’ ही बातमी इतक्या वेळा आली, की महाडचे आमदार भरत गोगावले यांनी मंत्रिपदासाठी शिवून ठेवलेल्या कोटाचा विनोद राज्यभर गाजला. २ जुलै २०२३ रोजी विस्तार झाला खरा, पण त्यात अजित पवार आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांचा शपथविधी झाला. वर्षभर वाट पाहणारे पाहतच राहिले. पाठोपाठ १४ जुलैला खात्यांची अदलाबदल झाली. अर्थ खाते फडणवीस यांच्याकडून अजित पवार यांच्याकडे, तर कृषी खाते अब्दुल सत्तार यांच्याकडून धनंजय मुंडे यांच्याकडे गेले. गोगावले यांना मंत्रिपद मिळायला डिसेंबर २०२४ उजाडला.

खातेबदल हा राजीनामा आणि अभय यांमधला मार्गही ठरतो. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. महिनाअखेरीस कृषी खाते दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेले आणि कोकाटे यांना क्रीडा खाते मिळाले. विरोधकांची मागणी राजीनाम्याची होती; सरकारने खाते बदलले.

फेरबदलाच्या चर्चा खऱ्या किती ठरतात?

अनेकदा ठरत नाहीत. जुलै २०१८ मध्ये लोकसभेत मोदी सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव १२६ विरुद्ध ३२५ मतांनी फेटाळला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये मणिपूरच्या प्रश्नावर आलेला ठराव आवाजी मतदानाने पडला. या दोन्हींनंतर लगेच मोठा फेरबदल झाला नाही. या सरकारच्या पहिल्या दोन कार्यकाळांतील मोठे फेरबदल जुलै २०१६, सप्टेंबर २०१७ आणि जुलै २०२१ मधले. त्यांपैकी एकाही वेळी सभागृहात ठराव नव्हता. नारायण राणे केंद्रात मंत्री झाले ते या शेवटच्या फेरबदलात.

त्यामुळे ‘सूत्रांच्या’ याद्या वाचताना एक साधी शंका जवळ ठेवावी : ही बातमी पसरल्याने कोणाचा फायदा होतो? इच्छुक आपले नाव चर्चेत राहावे म्हणून ते पेरतात. विरोधी गट एखाद्याचे नाव ‘जाणाऱ्यांत’ घालून त्याचे वजन कमी करतो. नेतृत्व कधी कधी याद्या फिरू देते आणि नाराजी किती आहे ते पाहते. या तिन्हींत जिल्ह्याच्या कामाचा विचार असतोच असे नाही.

सावंतवाडीचा अनुभव काय सांगतो?

दीपक केसरकर यांची वाटचाल या सगळ्याचे जवळचे उदाहरण. २०१४ ते २०१९ मध्ये ते राज्यमंत्री आणि सिंधुदुर्गचे पालकमंत्री होते. २०१९ मध्ये पुन्हा निवडून येऊनही उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळात त्यांना स्थान मिळाले नाही. २०२२ मध्ये ते शिंदे गटाचे प्रवक्ते म्हणून रोज दूरचित्रवाणीवर दिसू लागले आणि बहुमत चाचणीनंतरच्या विस्तारात शालेय शिक्षण व मराठी भाषा मंत्री झाले. डिसेंबर २०२४ मध्ये सावंतवाडीने त्यांना पुन्हा विजयी केले होते, तरी नव्या मंत्रिमंडळात ते नव्हते. जिल्ह्यातून कणकवलीचे नितेश राणे मंत्री झाले.

मतदारसंघाने तोच आमदार कायम ठेवला, पण मंत्रिपद आले, गेले, पुन्हा आले आणि पुन्हा गेले. मतदारांची पसंती आणि मंत्रिपद यांचा थेट धागा नाही. मधे पक्ष, गट, जिल्ह्यांचा समतोल आणि मित्रपक्षांचा वाटा उभा असतो.

मंत्री गेल्यावर निर्णयांचे काय होते, तेही याच काळात दिसले. केसरकर शिक्षणमंत्री असताना ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आली आणि पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडली गेली. गणवेश उशिरा आणि मापात न बसणारे मिळाल्याच्या तक्रारी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये कोऱ्या पानांचा निर्णयही रद्द झाला. हे निर्णय बरोबर होते की चूक, यावर मतभेद असू शकतात. पण एका खुर्चीच्या बळावर उभा राहिलेला निर्णय खुर्ची बदलताच किती लवकर मागे घेता येतो, ते पालकांनी आणि शिक्षकांनी अनुभवले.

पालकमंत्री बदलला तर काय फरक पडतो?

पालकमंत्री हे पद राज्यघटनेत नाही; ती प्रशासकीय व्यवस्था आहे. तरीही जिल्ह्यासाठी ते अनेकदा खात्यापेक्षा महत्त्वाचे ठरते, कारण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे असते. गावचा रस्ता, साकव, शाळेची खोली, आरोग्य केंद्राची दुरुस्ती यांसाठीचा निधी या समितीतून येतो.

सिंधुदुर्गात २०१४ पासून केसरकर, उदय सामंत, रवींद्र चव्हाण आणि नितेश राणे असे चार पालकमंत्री झाले. २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर पालकमंत्र्यांची यादी यायला सप्टेंबरअखेर उजाडली. जवळपास तीन महिने जिल्ह्याला पालकमंत्रीच नव्हता. यादी आली तेव्हा केसरकर यांच्याकडे मुंबई शहर आणि कोल्हापूर, तर सिंधुदुर्ग डोंबिवलीच्या चव्हाण यांच्याकडे, अशी वाटणी झाली. जिल्ह्याचा मंत्री असणे आणि जिल्ह्याला मंत्री असणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. जानेवारी २०२५ मध्ये रायगडच्या पालकमंत्रिपदाला जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी स्थगिती द्यावी लागली. मित्रपक्षांच्या ओढाताणीची किंमत जिल्ह्याला कशी मोजावी लागते, ते कोकणात वेगळे सांगायला नको.

मंत्री गेला तरी काम टिकते का?

याचे उत्तर कोकणच्याच रेल्वेमार्गावर मिळते. सावंतवाडी तेव्हा ज्या राजापूर लोकसभा मतदारसंघात होती, त्याचे खासदार मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाण यांनी अविश्वास ठराव मांडला आणि मतदानाआधीच मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला. दंडवते यांचे मंत्रिपद गेले. कोकण रेल्वेचे स्वप्न पुन्हा लांबले.

१९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले. हे सरकारही फार टिकले नाही. ७ नोव्हेंबर १९९० रोजी विश्वनाथ प्रताप सिंह यांनी विश्वासदर्शक ठराव १४२ विरुद्ध ३४६ मतांनी गमावला. मात्र त्याआधी, जुलै १९९० मध्ये, कोकण रेल्वे महामंडळाची कंपनी म्हणून नोंदणी झाली होती. केंद्राचा ५१ टक्के वाटा, उरलेला महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांचा, पैसा उभारण्यासाठी रोख्यांचा मार्ग, प्रमुखपदी ई. श्रीधरन. सरकार पडले तेव्हा हे महामंडळ चार महिन्यांचेही नव्हते. पुढच्या सव्वासात वर्षांत देशाने पाच पंतप्रधान पाहिले. काम मात्र चालू राहिले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला.

आता दुसरे चित्र. २०१५ मध्ये सावंतवाडी रोड स्थानकावर रेल्वे टर्मिनसची पायाभरणी झाली. रेल्वेमंत्री होते सिंधुदुर्गशी जुने नाते असलेले आणि राजापूरचे माजी खासदार सुरेश प्रभू. पालकमंत्री होते सावंतवाडीचेच आमदार. यापेक्षा अनुकूल योग कोणता? ऑगस्ट २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात लागोपाठ दोन रेल्वे अपघात झाले. प्रभू यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारली आणि ३ सप्टेंबरच्या फेरबदलात त्यांच्याकडे वाणिज्य खाते गेले. पूर्ण क्षमतेच्या टर्मिनसची मागणी मात्र प्रवासी संघटनांना त्यानंतरही करत राहावी लागली. या रखडण्याचे सारे खापर एका फेरबदलावर फोडता येणार नाही. पण पायाभरणीच्या दगडावर मंत्र्याचे नाव कोरले गेले, त्यामागे निधी, मुदत आणि जबाबदार यंत्रणा तितक्या पक्क्या कोरल्या गेल्या नाहीत, हे उघड आहे.

मग सावंतवाडीकरांनी काय विचारावे?

‘आपल्याला मंत्रिपद मिळणार का?’ हा प्रश्न चुकीचा नाही. मंत्रिमंडळात आपला माणूस असला तर फाइल हलते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मंत्रिपद हे भाड्याचे घर आहे. मालक कधी खाली करायला सांगेल, याचा नेम नाही. त्यात राहताना स्वतःचे घर बांधून घेतले, तर ते दिवस कारणी लागतात.

म्हणून पुढची यादी मोबाइलवर आली की आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. ज्या कामाचे आश्वासन मिळाले, त्याला प्रशासकीय मान्यता आणि अर्थसंकल्पात तरतूद आहे का? ते पूर्ण करण्याची जबाबदारी कोणत्या कार्यालयाकडे, कोणत्या मुदतीत आहे? आणि मंत्री बदलला तर ते थांबणार नाही, याची व्यवस्था काय? टर्मिनस असो, मल्टिस्पेशालिटी रुग्णालय असो की गावचा साकव, उत्तर देणाऱ्याने कागद दाखवावा. आमदार-खासदारांनी नियोजन समितीत, ग्रामपंचायत आणि नगर परिषदेच्या सदस्यांनी आपापल्या सभेत आणि पत्रकारांनी पत्रकार परिषदेत हे प्रश्न लावून धरावेत.

दंडवते यांची दोन्ही मंत्रिपदे सभागृहातल्या ठरावांच्या धक्क्याने गेली. पहिल्या वेळी रेल्वे मागे पडली, दुसऱ्या वेळी रुळांवर आली. दरम्यान महामंडळ उभे राहिले होते, एवढाच काय तो फरक. पुढच्या फेरबदलात सावंतवाडीच्या वाट्याला खुर्ची येईल किंवा येणार नाही; ते मुंबई आणि दिल्लीत ठरेल. खुर्ची आलीच, तर तिच्या काळात काय पक्के करून घ्यायचे, हे मात्र इथेच ठरवता येते.